सातवीचा वर्ग आणि एक टच पॅनल: डिजिटल साधनं वर्गात नेमकी कशी वापरता?

माणदेशी (धागाकर्ता)
सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

मी सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. सहावी ते आठवीचं विज्ञान आणि भूगोल माझ्याकडे. तिन्ही वर्ग मिळून पट ४३. मागच्या दिवाळीनंतर शाळेला टच पॅनल मिळालं. पैसे लोकवर्गणीचे, आणि त्यातले निम्म्याहून जास्त मुंबईत माथाडी कामगार असलेल्या आमच्या गावकऱ्यांनी गोळा करून पाठवलेले. ज्यांनी पाठीवर पोती वाहून ही वर्गणी दिली त्यांच्यातल्या बहुतेकांनी पॅनल अजून पाहिलेलंही नाही. म्हणून त्याचं चीज व्हावं असं मनापासून वाटतं.

पहिले दोन महिने काय केलं ते सांगतो. पचनसंस्थेचा धडा आला, व्हिडिओ लावला. वर्ग चिडीचूप. सगळ्यांच्या माना वर, डोळे पडद्यावर. भेटीला आलेली मंडळीही खूश होऊन गेली. आठवड्याने सातवीतल्या एका मुलीला फळ्यापाशी बोलावलं आणि म्हटलं, घास गिळल्यापासूनचा पुढचा रस्ता काढून दाखव. तिने जठर गुलाबी खडूने रंगवलं. बाण तर हुबेहूब व्हिडिओतल्यासारखे काढले. पण जठरातून निघालेला बाण थेट मोठ्या आतड्यात नेला. लहान आतडंही काढलं होतं, पण बाजूला, कशालाच न जोडलेलं. वर्गाला विचारलं, बरोबर आहे का? सगळे म्हणाले, बरोबर आहे सर.

मग सातवीच्या भूगोलात समोच्च रेषांचा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा पाठ आला. या वेळी पॅनल बंदच ठेवलं आणि प्रत्येक गटाला एक मोठा बटाटा दिला. उभा अर्धा कापायचा, सपाट बाजू पाटीवर टेकवायची, पट्टी उभी धरून दर सेंटीमीटरला पेनाने गोल रेघ मारायची, मग त्या रेघांवर आडव्या चकत्या करायच्या. तळाची चकती कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची, मग तिच्या जागी वरची ठेवायची, मग तिच्यावरची. चकत्या उचलल्या की कागदावर उरतो तो बटाट्याचा समोच्च रेषा नकाशा. एका गटाचा बटाटा एका अंगाने फुगीर आणि दुसऱ्या अंगाने उतरता होता. त्यांच्या कागदावर एकीकडे रेषा दाटीवाटीने आल्या, दुसरीकडे ऐसपैस. का, हे मला सांगावं लागलं नाही.

त्यानंतर पॅनल लावलं. आमच्या तालुक्यातला महिमानगड मुलांच्या ओळखीचा, सहल दरवर्षी तिथेच जाते. गूगल मॅप्समध्ये भूरूपाचा थर चालू केला की समोच्च रेषा दिसतात. त्या दाखवल्या आणि गूगल अर्थ अजून उघडलं नाही. विचारलं, गडावर जायचं तर कुठल्या बाजूने जाल? मेंढपाळाच्या घरचा एक मुलगा उठला, पॅनलपाशी गेला आणि जिथे रेषा एकमेकींना चिकटल्या होत्या तिथे बोट ठेवून म्हणाला, "सर, इथनं मेंढरं बी चढत नाहीत." मग गूगल अर्थमध्ये तोच डोंगर तिरका करून पाहिला. त्याचं बोट कड्यावरच होतं. या सगळ्यात पॅनल चाललं असेल जेमतेम ८ मिनिटं.

तेव्हापासून डोक्यात एकच गोष्ट घोळते आहे. आधी हाताने करून पाहायचं किंवा अंदाज सांगायचा, आणि मगच पडदा लावायचा. हा क्रम उलटा झाला की मुलं नुसती बघत बसतात. हा फक्त माझ्या वर्गाचा अनुभव की तुमचाही? कुठल्या साधनाने मुलं खरोखर विचार करायला लागली आणि कुठल्याने नाही, हे सविस्तर लिहाल का? नुसती ॲपची नावं नकोत, तास कसा घेतलात ते लिहा. मला ते खरंच वापरायचं आहे.

कोनमापक
सोमवार, रात्री १०:२५

सर, बटाट्याचा तास फार आवडला. मी नाशिकला अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवते. तुम्ही म्हणता तो क्रम मी जिओजेब्रा वापरताना शिकले, आणि तेही उशिरा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जिओजेब्रा हे भूमिती आणि बीजगणित यांचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ते सुरू केलं. संगणकावर एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही.

आठवीला त्रिकोणाचे शिरोलंब आणि मध्यगा आहेत. आधी मी तयार आकृती दाखवायचे, शिरोबिंदू धरून ओढायचे आणि म्हणायचे, पाहा, तिन्ही शिरोलंब एकाच बिंदूतून जातात. मुलं "हो" म्हणायची. ती कशाला हो म्हणत होती हे मला कळत नव्हतं.

आता पहिला तास कागदाचा. प्रत्येकाने कात्रीने हवा तसा त्रिकोण कापायचा आणि घड्या घालून तिन्ही शिरोलंब शोधायचे. ज्यांचा त्रिकोण विशालकोन असतो ती मुलं दहा मिनिटांनी रडकुंडीला येतात. "बाई, माझी घडी कागदाच्या बाहेर जाते." मी काहीच सांगत नाही. फळ्यावर तीन रकाने करते आणि लंबसंपात बिंदू, म्हणजे तिन्ही शिरोलंब जिथे मिळतात तो बिंदू, आत येईल, कडेवर येईल की बाहेर जाईल, यावर हात वर करून मतं मोजते. मागच्या वर्षी बाहेर जाईल म्हणणारी दोनच पोरं होती.

दुसऱ्या तासाला जिओजेब्रा. आणि माऊस माझ्या हातात नसतो. ज्याची घडी बाहेर गेली होती त्याच्याच हातात देते. तो शिरोबिंदू हळूहळू ओढतो, कोन ९० अंशांचा झाला की लंबसंपात बिंदू नेमका त्या काटकोनाच्या शिरोबिंदूवर येऊन बसतो, आणि आणखी ओढला की बाहेर निसटतो. त्या क्षणी वर्गातून जो आवाज येतो तो ऐकण्यासाठी मी दरवर्षी हा पाठ राखून ठेवते. मध्यगांचा संपातबिंदू मात्र काही केल्या बाहेर जात नाही, हे शोधायला त्यांना गृहपाठ.

पडदा नेहमीच नंतर आला पाहिजे असं मात्र मी म्हणणार नाही. आलेख शिकवताना मी जिओजेब्रा आधी वापरते, कारण २० आलेख हाताने काढायला आठवडा जातो आणि त्यात चढ बदलला की रेषा कशी फिरते हे हरवून जातं.

पायवाट
सोमवार, रात्री १०:५०

+१. वाचतेय. बटाटे उद्याच.

रानवारा
मंगळवार, सकाळी ६:१५

मी नंदुरबार जिल्ह्यात धडगावच्या बाजूला दोन शिक्षकांच्या शाळेवर आहे. पहिली ते चौथी, जोडवर्ग. पॅनल नाही, वीज असते-नसते, रेंजसाठी टेकडीवर जावं लागतं. मुलांची घरची भाषा पावरी. पहिलीत येतात तेव्हा मराठीची ओळख नसतेच म्हटलं तरी चालेल.

माझ्याकडे डिजिटल म्हणजे माझा मोबाईल आणि हाताच्या पंज्याएवढा एक स्पीकर. मी काय करतो, तर वर्गातल्या एका मुलाला रोज घरची एखादी गोष्ट पावरीत सांगायला लावतो आणि ती रेकॉर्ड करतो. कोंबडी हरवली, आजीने भाकरी केली, एवढीच. मग स्पीकरवर सगळे ऐकतो. दुसऱ्यांदा ऐकताना एकेका वाक्याला थांबवतो आणि तेच वाक्य मराठीत फळ्यावर लिहितो. आपला आवाज स्पीकरमधून आला की जी मुलगी वर्गात कधी तोंड उघडत नव्हती ती दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी नंबर लावून उभी असते. चार महिन्यांत ८० च्या वर गोष्टी झाल्या. त्या कागदावर उतरवून, मुलांकडून चित्रं काढून घेऊन वह्या शिवल्या आहेत. वाचनाला मुलं आधी त्याच उचलतात.

शनिवारी तालुक्याला गेलो की स्टोरीवीव्हरवरून मराठी गोष्टी उतरवून आणतो. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये ते सुरू केलं, गोष्टी मुक्त परवान्याच्या आहेत, म्हणजे छापा, वाटा, बदला, काही अडचण नाही. चार पातळ्या केलेल्या आहेत, पहिल्या पातळीत पानावर एखादंच वाक्य. मोबाईलवर १४ मुलांना एकदम दाखवता येत नाही म्हणून छापून घेतो. पदरचे पैसे जातात, पण कागद मुलाच्या हातात राहतो आणि त्याला चार्जिंग लागत नाही.

मागे एकदा सगळ्या शाळांनी ऑनलाइन चाचणी घ्यायची असा निरोप आला. टेकडीवर मुलं नेऊन मोबाईल फिरवत घेतली. उत्तरं गेली की नाही हे शेवटपर्यंत कळलं नाही. मुलं मात्र तीन तास उन्हात होती. आमच्यासारख्या शाळा आहेत हे कुणीतरी आधी विचारात घ्यावं एवढंच वाटतं.

जुनी_पाटी
मंगळवार, दुपारी १:०५

मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो त्याला आता सहा वर्षं झाली. मी या साधनांच्या विरोधात नाही. १९८० च्या दशकात आम्ही शाळेत रेडिओवरचे पाठ ऐकवायचो, फ्लॅनेल बोर्डवर चित्रं चिकटवायचो, तेव्हा तेही नवीनच होतं. शाळा बंद होत्या त्या काळात २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायचं, ते मी नातवंडांबरोबर नेमाने पाहिलं. त्यात घरातल्या वाट्या, दोऱ्या, बिया घेऊन मुलांना काहीतरी करायला लावायचे, म्हणून ते मला आवडलं. टीव्हीला नेट लागत नाही हेही मोठं काम होतं.

माझी काळजी वेगळी आहे. २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमानंतर गावोगावी लोकवर्गणीतून डिजिटल वर्ग झाले. मी स्वतः दारोदार फिरून वर्गणी जमवली आहे. वर्गणी मिळते ती वस्तू घेण्यासाठी. ती चालू ठेवण्यासाठी कुणी देत नाही. आमच्या प्रोजेक्टरचा दिवा दोन वर्षांत गेला. नव्या दिव्याची किंमत ऐकून शाळा व्यवस्थापन समितीने हात वर केले. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांत पाणी घालायचं कोणी, यावरून वाद झाले. वीजबिल थकलं, जोडणी तुटली. ज्या खोलीला फीत कापून डिजिटल वर्ग म्हटलं त्याच खोलीत पुढे तांदळाची पोती ठेवली. आणि त्याच वर्षात वाचनालयासाठी एक नवं पुस्तक घेतलं गेलं नाही, हे मला आजही बोचतं.

युनेस्कोचा २०२३ चा जागतिक शिक्षण अहवाल याच विषयावर होता. शिक्षणातलं तंत्रज्ञान कुणाच्या अटींवर, हाच त्याचा सूर. तो प्रश्न प्रत्येक गावाने खरेदीआधी स्वतःला विचारावा. माणदेशी सर, पॅनलची हमी किती वर्षांची आणि दुरुस्तीला माणूस कुठून येणार, हे कागदावर घेतलंय ना?

माणदेशी
मंगळवार, दुपारी २:१०

सर, हमी तीन वर्षांची आहे, कागद आहे. पण दुरुस्तीला माणूस कुठून येतो ते विचारलंच नव्हतं. आज फोन करून विचारलं. जिल्ह्याच्या ठिकाणीही त्यांचं कुणी नाही. समितीच्या पुढच्या बैठकीत देखभालीसाठी वेगळी वर्गणी काढायचा विषय ठेवतो. मनापासून आभार.

रानवारा सर, तुमच्या गोष्टींच्या वह्यांचा एखादा फोटो टाकाल का?

खडूपेटी
मंगळवार, रात्री ८:३०

ज्यांच्याकडे एकच मोबाईल आहे त्यांच्यासाठी प्लिकर्सबद्दल लिहितो. काहूतसारख्या प्रश्नमंजुषेच्या ॲपसाठी सहसा मुलांपुढे स्क्रीन हवी. प्लिकर्सला फक्त शिक्षकाचा मोबाईल आणि कागदाची कार्डं लागतात.

कार्डावर काळ्या चौकोनांची एक नक्षी असते. प्रत्येक कार्डाला क्रमांक, आणि प्रत्येकाची नक्षी वेगळी. चार कडांना बारीक अक्षरात चार पर्याय छापलेले असतात. प्रश्न फळ्यावर लिहायचा किंवा वाचून दाखवायचा. मुलाने आपल्याला वाटणाऱ्या पर्यायाची कड वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. शिक्षकाने मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून एकदा फिरवायचा. कुणाचं उत्तर काय, लगेच समोर. शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही, कारण त्याची नक्षी वेगळी आणि अक्षरं इतकी बारीक की दोन बाकांवरून दिसत नाहीत.

चुका करून शिकलो ते सांगतो. कार्डांना चकचकीत लॅमिनेशन करू नका, प्रकाश परावर्तित होतो आणि कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही. जाड कार्डशीटवर चिकटवा. मुलं कार्ड धरताना बोटं नक्षीवर ठेवतात, तेव्हा कडेला धरायची सवय पहिल्या दिवशीच लावा. मोफत खात्यात एका संचात मोजकेच प्रश्न बसतात, मला तेवढे पुरतात. एका तासाला दोन प्रश्न पुष्कळ.

पण खरी गंमत उत्तर मिळाल्यावर आहे. मी बरोबर उत्तर लगेच दाखवत नाही. फक्त सांगतो, वर्ग दोन गटांत फुटलाय. शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोला, त्याला पटवा, मग पुन्हा कार्ड धरा. दुसऱ्या फेरीत आकडे बदलतात. माझ्या सहावीत ०.५ मोठं की ०.३५, यावर पहिल्या फेरीत निम्म्याहून जास्त मुलांनी ०.३५ धरलं, कारण ३५ मोठे. दोन मिनिटांच्या कुजबुजीत एका मुलाने शेजारणीला सांगितलं, "अगं, पन्नास पैसे आणि पस्तीस पैसे." ती कुजबुज मी ऐकली आणि तेच वाक्य फळ्यावर लिहिलं. इतकी वर्षं मी स्थानिक किमतीचा तक्ता काढत होतो.

आईची_वही
मंगळवार, रात्री ११:२०

मी शिक्षिका नाही. पिंपरीत राहते, दोन मुली आहेत, पाचवी आणि नववी. शिक्षक मंडळी वाचतायत म्हणून लिहिते.

आमच्या घरात मोठा फोन एकच, यांचा. हे दुसऱ्या पाळीला कंपनीत जातात तेव्हा फोन त्यांच्याबरोबर जातो, रात्री साडेअकराला परत येतो. २०२० मध्ये वर्ग ऑनलाइन होते तेव्हा समजण्यासारखं होतं. आता शाळा रोज भरते, तरी गृहपाठ ग्रुपवरच येतो. मुलगी वर्गात बसलेली असते, पण गृहपाठ काय ते तिला माहीत नसतं. रात्री बारा वाजता मी तो फोनवरून वहीत उतरवून ठेवते आणि ती सकाळी साडेपाचला उठून करते. सातची शाळा. परवा तिला उशिरा वही दिल्याबद्दल उभं केलं. तिने कारण सांगितलं नाही, कारण घरात एकच फोन आहे हे तिला सगळ्यांसमोर सांगायचं नव्हतं.

माझी हात जोडून विनंती आहे. तुम्ही वर्गात काहीही वापरा, मला कौतुकच आहे. फक्त गृहपाठ फळ्यावर लिहून द्या.

कोनमापक
बुधवार, सकाळी ७:०५

ताई, वाचून गलबलून आलं. मीही सरावाच्या पीडीएफ ग्रुपवर टाकते आणि कुणाकडे फोन आहे-नाही हे कधी विचारलं नाही. आजपासून फळ्यावर. ग्रुपवर टाकलं तरी ते जादा म्हणून, आधार म्हणून नाही.

उजेडवाट
बुधवार, सकाळी ११:४५

माझ्या वर्गात एक पूर्ण अंध मुलगा आहे, आठवीत. सर्वसाधारण शाळेत शिकतो. त्याच्यासाठी संगणकावर एनव्हीडीए बसवलं आहे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं हे मोफत सॉफ्टवेअर २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी सुरू केलं आणि जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही स्वतः अंध. मराठी वाचतं. आवाज यंत्राचा आहे, सवय व्हायला पंधरा दिवस गेले.

अडचण कुठे येते पाहा. शिक्षकांच्या ग्रुपवर फिरणारे बहुतेक स्वाध्याय म्हणजे पानाचे फोटो असतात, किंवा जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या फाइली. फोटोत अक्षर नसतंच, त्यामुळे एनव्हीडीए गप्प. जुन्या फॉन्टमध्ये आपल्याला पडद्यावर "पाणी" दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, तीच ते वाचतं. मुलगा पाच मिनिटं अर्थहीन आवाज ऐकत बसतो आणि मग हळूच कानातलं काढून ठेवतो. ते मी पाहिलं आहे.

त्यामुळे कळकळीने सांगते, जे टाईप कराल ते युनिकोडमध्ये करा, त्यात आतही मराठी अक्षरंच साठवली जातात. टाईप करायचा कंटाळा असेल तर मोबाईलवर मराठीत बोला, तो टाईप करतो, नंतर शुद्धलेखन तपासा. आकृती असेल तर खाली दोन ओळींत तिचं वर्णन लिहा. जिओजेब्रातली सरकणारी आकृती त्याला दिसणार नाही, त्याच्यासाठी मी पुठ्ठ्यावर दोरा चिकटवून त्रिकोण करते. कोनमापक बाई, तुमचा घड्यांचा तास मात्र त्याला इतरांइतकाच जमेल. बोटांनी घडी छान कळते त्याला.

सह्यकडा
बुधवार, रात्री ९:००

रानवारा सर, मी पुण्यात संगणक क्षेत्रात आहे, सुट्टीच्या दिवशी शाळांना हे बसवून देतो. नेट नसेल तर कोलिब्री आणि किविक्स बघा. कोलिब्रीत धडे, व्हिडिओ, सराव एकदाच नेट असलेल्या ठिकाणी भरून घ्यायचे. हे एखाद्या जुन्या लॅपटॉपवर करायचं, मग तो वर्गात वायफाय देतो आणि मुलांचे टॅब किंवा फोन त्यालाच जोडले जातात, बाहेरचं नेट लागतच नाही. किविक्सवर अख्खा मराठी विकिपीडिया एका फाइलमध्ये मावतो. दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही चालतो. तुम्हाला व्यक्तिगत निरोप (व्यनि) केला आहे.

आणि सगळ्यांसाठी: पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन होत नसेल तर त्याखाली छापलेला सहा अक्षरांचा संकेतांक दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपमध्ये टाईप करा. साहित्य आदल्या दिवशी ॲपमध्येच उतरवून ठेवता येतं. वर्गात ऐन वेळी गोल फिरणारं चाक बघत बसावं लागत नाही. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोडची कल्पना रुजवणाऱ्यांत माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी आघाडीवर होते. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला आणि त्याची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. एका खेड्यातल्या वर्गातून निघालेली गोष्ट आहे ही, म्हणून आवर्जून सांगितलं.

मध्यान्ह
गुरुवार, सकाळी ८:३५

जिथे पडद्याला पर्यायच नाही असं एक उदाहरण देतो. शून्य सावलीचा दिवस. महाराष्ट्र सगळाच्या सगळा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. पुण्यात साधारण १३-१४ मे आणि जुलैच्या अखेरीस, नागपूरला मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्यावर. आता गंमत बघा, मे महिन्यात शाळेला सुट्टी आणि जुलैत आभाळ भरलेलं. मुलांना तो दिवस शाळेत कधी सापडतच नाही.

मी स्टेलेरियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतो. मोफत, नेटशिवाय चालतं. आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश भरायचे, मे महिन्याची तारीख टाकायची आणि वेळ पुढे सरकवायची. सूर्यावर टिचकी मारली की त्याची उंची अंशांत दिसते. मुलांना रोजच्या दुपारची सर्वांत जास्त उंची वहीत टिपायला सांगतो, एकेक दिवस पुढे. ८८, ८९, मग ९० च्या अगदी जवळ, आणि पुन्हा उतार. दुपारी बाराला नाही तर साडेबाराच्या आसपास, हेही त्यांचं त्यांनाच सापडतं, आणि मग भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाचा धडा आपोआप निघतो.

पण त्याआधी जूनपासून अंगणात काठी रोवलेली असते. ऊन पडेल त्या दिवशी सावली मोजायची. माणदेशी सर, तुमच्याकडे पाऊस कमी. ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला तुमच्या गावात सूर्य डोक्यावर येईल. काठी तयार ठेवा.

पायवाट
गुरुवार, रात्री ९:१५

बटाटे झाले! सहावीच्या मुलांनी चकत्या खाऊन टाकायच्या आत नकाशे काढून घेतले. :)

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं. नववीच्या निबंधांत अचानक एकसारखी, गुळगुळीत भाषा यायला लागली. रागावण्यापेक्षा मी तेच साधन वर्गात उघडलं आणि आमच्या तालुक्यातल्या एका किल्ल्यावर १५ ओळी लिहून मागितल्या. त्याने किल्ल्याचा जिल्हाच बदलला आणि तिथे नसलेला तलाव बांधून दिला. मुलांना म्हटलं, लाल पेन घ्या आणि तपासा. प्रत्येक दुरुस्तीपुढे, हे तुला कुठून कळलं, ते लिही. आजोबांना विचारलं, पाटीवर वाचलं, स्वतः गेलो होतो. तपासलेल्या त्या १५ ओळींवरून मग प्रत्येकाने आपला निबंध लिहिला. एका मुलाने पहिलंच वाक्य लिहिलं, "आमच्या गडावर तळं नाही, टाकं आहे, आणि त्यात उन्हाळ्यातही पाणी असतं." तो निबंध मी जपून ठेवला आहे.

माणदेशी
पुढचा शनिवार, रात्री ९:५०

मंडळी, आठवडाभर लिहिलं नाही कारण करून बघत होतो.

आठवीला विजेच्या जोडण्या घेतल्या. प्रश्न ठरवला: एका सेलला दोन सारखे बल्ब एकसर, म्हणजे एकामागोमाग एक जोडले तर कुठला जास्त उजळेल? खडूपेटी सरांची कार्डं जाड कागदावर छापून आणली होती. १६ पैकी ११ मुलांनी पहिला बल्ब धरला. कारण विचारलं तर म्हणाली, करंट आधी पहिल्याला मिळणार, उरलेला दुसऱ्याला. वरच्या मळ्याला आधी पाणी लागतं तसं.

मग सेल, तारा आणि बॅटरीचे छोटे बल्ब दिले. आणि घोळ झाला. दोन गटांत खरोखरच पहिला बल्ब थोडा जास्त उजळला. बल्ब स्वस्तातले, दोन सारखे मिळत नाहीत. अकरा जण जिंकल्यासारखे ओरडले. मीही क्षणभर गडबडलो. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "सर, बल्बांची अदलाबदल करून बघू का?" केली. तोच बल्ब आता दुसऱ्या जागी होता आणि तरीही तोच जास्त उजळला. वर्ग एकदम शांत झाला, पण ही शांतता व्हिडिओच्या वेळची नव्हती. आता कोण काय बोलणार याची सगळे वाट बघत होते.

त्यानंतर पॅनलवर फेट या प्रकल्पाचं विद्युत मंडलाचं सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावरचा आभासी प्रयोग लावला. नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. फाइल उतरवून ठेवली की ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालते, काही सिम्युलेशनं मराठीतही आहेत. त्यात दोन्ही बल्ब तंतोतंत सारखे, दोन्ही सारखेच उजळले. निळे ठिपके म्हणजे इलेक्ट्रॉन, ते एका बल्बातून निघून दुसऱ्यातून जाऊन परत सेलकडे येताना दिसतात, वाटेत एकही कमी होत नाही. मुलांनी पॅनलला नाक लावून मोजले. पुन्हा कार्डं धरली तेव्हा १६ पैकी १४ "दोन्ही सारखे". उरलेल्या दोघांपैकी एकाचं म्हणणं, पॅनलमधलं खोटं आहे, त्यांनी सारखंच दाखवायचं ठरवलंय. त्याला मी चूक म्हटलं नाही. सोमवारी तालुक्याहून एकाच डब्यातले दहा बल्ब आणून त्यातले दोन सारखे शोधायचं काम त्यालाच दिलं आहे.

कोनमापक बाई, आलेखाबद्दल तुम्ही म्हणता ते पटलं, तिथे पडदा आधी चालेल. आईची_वही ताई, आमच्या शाळेत ग्रुपवर गृहपाठ बंद केला, तिन्ही वर्गांना डायरीत लिहून देतो. उजेडवाट बाई, जुने स्वाध्याय मोबाईलवर बोलून युनिकोडमध्ये आणतोय, विज्ञानाचे चार झाले.

पुढच्या शिक्षण परिषदेत केंद्रातल्या बारा शाळांना पेनड्राइव्हवर जिओजेब्रा, स्टेलेरियम, फेटच्या निवडक फाइली देणार आहे. सोबत बटाट्याच्या तासाचं टाचण.

रानवारा
पुढचा रविवार, सकाळी ६:४०

सर, तेरावा पेनड्राइव्ह धडगावला पाठवाल का? सह्यकडा सरांनी जुना लॅपटॉप पाठवलाय, परवा पोचला. मी बदल्यात गोष्टींच्या वह्यांची पानं पाठवतो, पावरी आणि मराठी दोन्ही. तुमच्या मुलांना वाचून दाखवा आणि त्यांची एखादी गोष्ट त्यांच्याच बोलीत रेकॉर्ड करून द्या. माझ्या पोरांना "मेंढरं बी चढत नाहीत" म्हणणाऱ्या मुलाचा आवाज ऐकायचा आहे.

माणदेशी
पुढचा रविवार, सकाळी ७:३०

उद्या टपालात टाकतो. पत्ता व्यनि करा. तो पोरगा आज मेंढरांमागे गेलाय, संध्याकाळी गाठून तिथेच रेकॉर्ड करतो, मागे मेंढरांचा आवाजही येईल.